दोन जुळ्या डिस्क आणि पंच आजोबांचं बटण

डोळे मिटा बघू. बोटांच्या फटीतून चोरून बघायचं नाही. आता अशा एका घराची कल्पना करा, जिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत काही ना काही ‘पीं’ करून वाजतच असतं. समोरच्या खोलीत वाजतं, मागच्या खोलीत वाजतं, आणि दचकत कुणीच नाही. एखादा पाहुणा आला तर पहिल्या दिवशी तो चारदा उठून बघतो, दुसऱ्या दिवशी एकदाच बघतो, आणि तिसऱ्या दिवशी तोही घरातल्यांसारखा होऊन जातो. वाजेना का, आपल्याला काय त्याचं!

झालं डोळ्यांपुढे उभं? मग उघडा डोळे आणि ऐका.

या घरात एक मुलगी राहायची. एका जागी बसलेलं तिला कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. तिची आई कमी ऐकू येणाऱ्या माणसांचे कान तपासायची. समोरच्या खोलीत त्यासाठी एक लाकडी खोपटं होतं. आतून जाड स्पंजाने मढवलेलं, एक बाकडं, एक छोटी काच, बस्स. तपासायला आलेल्या माणसाने त्यात बसायचं, कानांवर हेडफोन लावायचे आणि हातात एक बटण धरायचं. आई बाहेर यंत्रापाशी बसून त्याच्या कानात बारीक बारीक सूर सोडायची. सूर ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. दाबलं की आईच्या यंत्रावर दिवा लागायचा.

मागच्या खोलीत मामा असायचा. आईचा धाकटा भाऊ. त्याचं काम त्याहून गमतीचं होतं. आई माणसाच्या कानात हळूच एक मऊ लगदा भरायची, तो घट्ट झाला की अलगद बाहेर काढायची. कानाच्या आतली सगळी वळणं त्या लगद्यावर उमटलेली असत. मामा त्याचा आकार कॉम्प्युटरवर घ्यायचा, कोपरे गुळगुळीत करायचा आणि प्रिंटरवर त्याचा पारदर्शक मोल्ड छापायचा. कानाच्या यंत्राचं टोक या मोल्डमधून कानात जातं. दुसऱ्याचा मोल्ड आपल्या कानात कधीच बसत नाही, कारण जगात दोन कान सारखे नसतात. अगदी तुमचाच उजवा आणि तुमचाच डावासुद्धा नाही.

भिंगरीला ते कान पडद्यावर गोल गोल फिरवून बघायला फार आवडायचं. तिच्या लेखी ती बेटं होती. एखाद्याच्या बेटावर उंच कडा, एखाद्याच्या बेटाला लांबच लांब खाडी.

आणि या घराची एक ख्याती होती. कुणी रडकुंडीला येऊन फोन करायचं, “ताई, मोल्ड हरवला हो!” आई शांतपणे म्हणायची, “संध्याकाळी या, नवा घेऊन जा.” पुन्हा लगदा नको, पुन्हा हेलपाटा नको. त्या माणसाचा कान कॉम्प्युटरमध्ये जपून ठेवलेला असायचा. गावातल्या शेकडो माणसांचे कान तिथे होते. आईचा शब्द त्या फायलींवर उभा होता. फायली गेल्या की शब्द गेला.

म्हणून आई दर आठवड्याला त्या सगळ्या फायलींची एक कॉपी वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्यायची, आणि ती डिस्क दोन गल्ल्या पलीकडे मावशीच्या घरी नेऊन ठेवायची. मावशीच्या कपाटात, लोकरीच्या गुंड्यांमागे.

मामाला हे बघून हसू यायचं. त्याला नव्या वस्तूंचा भारी सोस. एक दिवस तो एक काळी पेटी घेऊन आला, पाव ठेवतात त्या डब्याएवढी.

“ताई, तुझी डिस्कची वारंवारची ने-आण संपली,” तो म्हणाला. “हिच्या पोटात दोन डिस्क आहेत. जुळ्या! एकीवर जे लिहिलं जातं, ते त्याच क्षणी दुसरीवरही लिहिलं जातं. कॉम्प्युटरवाले याला रेड म्हणतात.”

“आणि याने काय होतं?” आईने विचारलं.

“एक डिस्क मेली तरी दुसरी जिवंत. काम थांबतच नाही. मोठमोठ्या कचेऱ्यांमध्ये हेच वापरतात.”

“आपली कचेरी म्हणजे हे खोपटं आणि तुझी ती खोली,” आई म्हणाली. “आपल्याला लागतं का एवढं?”

“तुला ना, जुनंच गोड! मावशीकडे डिस्क घेऊन जायची, ती लोकरीमागे लपवायची. हेर आहोत का आपण?”

भिंगरी दोघांच्या मधून मान फिरवत होती. “मामा, मग आता मावशीकडे कॉपी ठेवायची नाही?”

“कशाला? घरात जुळ्या आहेत की!”

आईला पटलं नव्हतं. पण कामाचा ढीग होता, मामा हट्टाला पेटला होता, आणि खरं सांगायचं तर दर आठवड्याची पायपीट वाचली याचं तिला बरंही वाटलं. कॉपी बंद झाली. मावशीच्या कपाटातली डिस्क लोकरीमागे तशीच पडून राहिली.

पेटी कुठे ठेवायची यावर थोडी खलबतं झाली. तिच्यातला पंखा घुमायचा, म्हणून आईला ती यंत्रापाशी नको होती. शेवटी मामाने खोपट्याच्या मागच्या बाजूला, जिथे झाडू आणि फडकी ठेवत, त्या अरुंद बोळकांडीत खोपट्याच्याच भिंतीला एक फळी ठोकली आणि पेटी तिच्यावर स्क्रूने घट्ट बसवली. “आता भूकंप झाला तरी हलणार नाही,” तो म्हणाला.

पुढे काही महिने सगळं आलबेल होतं. मग एक दिवस ती पेटी वाजायला लागली.

पीं. थोडं थांबून, पीं. पुन्हा थोडं थांबून, पीं.

आता तुम्ही म्हणाल, मग कुणी उठून बघितलं कसं नाही? बघितलं नाही, कारण प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं. आईला वाटलं, मामाचा प्रिंटर वाजतोय. छापणं संपलं की तो वाजायचाच. मामाला वाटलं, ताईचं यंत्र वाजतंय. सूर सोडणं हेच त्याचं काम. आणि भिंगरीला वाटलं, मोठी माणसं घरात आहेत, त्यांना कळतच असेल. तिघांनी ऐकलं आणि तिघांनीही ते दुसऱ्याच्या नावावर खपवलं.

अशातच पंच आजोबा आले.

आजोबा उभं आयुष्य फुटबॉलचे पंच होते. मैदान सुटलं तरी शिट्टी सुटली नव्हती. ती गळ्यात लटकत असायची. मान ताठ, मिशा ताठ, आणि बोलणं असं की समोरच्याने आपोआप दोन पावलं मागे सरावं. अलीकडे त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं आणि याचा राग ते जगावर काढत होते.

“लोक पुटपुटायला लागलेत हल्ली,” ते आल्या आल्या म्हणाले.

“हो का? बसा आत,” आई हसून म्हणाली. “सूर ऐकू आला की बटण दाबायचं. नाही आला तर नाही दाबायचं.”

“मला नियम सांगू नका, बाई. नियमांवरच जगलोय मी.”

आजोबा खोपट्यात बसले. दार लागलं. आईने पहिला सूर सोडायच्या आधीच दिवा लागला. आई थबकली. चुकून दाबलं गेलं असेल. तिने सूर सोडला, दिवा नाही. मोठा सूर सोडला, दिवा लागला. मग ती नुसती थांबली, काहीच सोडलं नाही, तर पुन्हा दिवा!

आईने दार उघडलं. “आजोबा, मी काही वाजवलंच नव्हतं.”

“वाजलं.”

“नाही हो.”

“बाई, गोल झाला नसताना मी कधी शिट्टी फुंकलेली नाही. वाजलं म्हणजे वाजलं.”

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. आईच्या कपाळावर आठी आली. अशा तपासणीचा उपयोग शून्य. सूर नसताना माणूस बटण दाबतोय म्हटल्यावर त्याला खरंच किती ऐकू येतं हे कळणार कसं? आणि ते कळल्याशिवाय कानाचं यंत्र लावणार कसं?

“कधी कधी कानात आपोआप गुणगुण होते,” आई जपून म्हणाली. “तसं काही असेल. चहा घेऊ, मग पुन्हा बघू.”

आजोबांचा चेहरा लाल झाला. “म्हणजे मी भ्रमिष्ट झालो?”

“तसं नाही म्हणाले मी.”

“तसंच म्हणालात! चहा नको मला.” आणि ते बाहेर यायच्या ऐवजी पुन्हा आतल्या बाकड्यावर पाठ टेकून बसले, रुसलेल्या मुलासारखे. आई चहा ठेवायला आत गेली. तिला ठाऊक होतं की नको म्हणणारी माणसंच दोन कप पितात.

भिंगरी दारात घुटमळत होती. आजोबांनी तिच्याकडे तिरक्या नजरेने पाहिलं.

“तुलाही वाटतं का मी खोटं बोलतोय?”

तपासणी चालू असताना छोट्या मुलांनी गोंगाट करू नये म्हणून आईने खोपट्याच्या दारावर एक गोल फलक लावला होता: ‘तोंडावर बोट’. भिंगरीने त्या फलकाकडे पाहिलं, मग आजोबांकडे, आणि मोठ्याने म्हणाली, “मला माहीत नाही. पुन्हा करून बघूया?”

हे उत्तर आजोबांना आवडलं. त्यांनी तिला शेजारी जागा दिली. “हेडफोन नकोत. मला ऐकू आलं की मी बोट वर करतो. तू फक्त बघ.”

भिंगरीने दार ओढून घेतलं. आत एकदम चिडीचूप झालं. आजोबांनी डोळे मिटले, डोकं मागे टेकलं. आणि बोट वर केलं. खाली घेतलं. थोड्या वेळाने पुन्हा वर. भिंगरी कान टवकारून बसली होती. तिला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. पण एक गोष्ट तिच्या लक्षात आली. बोट वर जायला दर वेळी सारखाच वेळ लागत होता. झोपाळा कसा एका लयीत मागेपुढे जातो, तसं ते बोट वर-खाली होत होतं. भ्रम असा घड्याळ लावून येतो का?

“आजोबा, पुढे वाका बरं.”

आजोबा वाकले. बोट थांबलं.

“ऐकू येतंय?”

“नाही… थांबलं वाटतं.”

“आता पुन्हा टेका.”

आजोबा टेकले. बोट वर!

भिंगरी टुणकन उठली आणि त्यांच्या डोक्यामागची जागा बघितली. वर्षानुवर्षं माणसं डोकं टेकून बसल्यामुळे तिथला स्पंज झिजून गेला होता. मधोमध ताटलीएवढी उघडी लाकडी फळी दिसत होती. आजोबांना बाजूला सरकवून तिने आपलं डोकं त्या फळीला घट्ट लावलं.

पीं.

आवाज कानातून आल्यासारखा नव्हताच. डोक्याच्या आतच कुणीतरी बारीक टाचणी टोचावी तसा. भिंगरी ओरडली, “आई! आजोबा बरोबर आहेत! भिंत वाजतेय!”

आई चहाचा ट्रे घेऊन आली तो तिथेच ठेवून तिने स्वतः डोकं लावलं. मग तिचा चेहरा असा काही उजळला की विचारू नका.

“आजोबा, मी तुमची माफी मागते. आणि तुमच्यासाठी एक आनंदाची बातमी आहे.”

“आधी माफीचं पूर्ण होऊ द्या,” आजोबा म्हणाले.

आईने ते नीट समजावून सांगितलं, तुम्हीही ऐकून ठेवा. आवाज आपल्या आतल्या कानापर्यंत दोन वाटांनी जातो. एक वाट हवेतून, कानाच्या भोकातून, पडद्यावरून. दुसरी वाट हाडातून. डोक्याचं हाड थरथरलं की तो थरकाप थेट आत पोचतो. आजोबांची पहिली वाट अडली होती, दुसरी लख्ख मोकळी होती. “म्हणजे तुमचा आतला कान ठणठणीत आहे. यंत्र तुम्हाला छान लागू पडेल,” आई म्हणाली. आजोबांनी मिशीवरून हात फिरवला आणि चहाचा कप उचलला.

पण भिंगरी तोवर बोळकांडीत पोचली होती. झाडू बाजूला, फडकी बाजूला. फळीवरच्या काळ्या पेटीवर एक लाल दिवा लुकलुकत होता.

“मामाऽऽ! तुझ्या जुळ्यांतली एक रडतेय!”

मामा आला. त्याने लाल दिवा पाहिला आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. कॉम्प्युटरवर जाऊन त्याने पेटीची खबर काढली. एक डिस्क बंद पडली होती. आज नाही, काल नाही, पंधरवडा उलटून गेला होता. पेटीने बिचारीने रोज मेल पाठवून कळवलं होतं. फक्त मामाने तिला जो पत्ता देऊन ठेवला होता, त्याचा पासवर्ड तो स्वतःच कधीचा विसरला होता.

“म्हणजे इतके दिवस सगळ्यांचे कान एकाच डिस्कवर?” आईचा आवाज बारीक झाला.

“हो. पण ती चालू आहे ना! त्यासाठीच तर दोन असतात.” मामाने घाईघाईने चपला घातल्या. “मी नवी आणतो, लावतो, झालं.”

तो गेला तसा धापा टाकत परतही आला. नवी डिस्क पेटीत सरकवायला हात पुढे केला, तेवढ्यात भिंगरीने विचारलं, “नवी आत घातली की काय होतं?”

“जुनी डिस्क तिला सगळं देते. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. न थांबता.”

“आणि देता देता जुनीच बसली तर?”

मामाचा हात हवेतच राहिला.

“दोघी एकाच दिवशी आणल्या होत्यास,” आई म्हणाली. “एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून. दोघी सारख्याच राबल्या. एक दमली, तर दुसरी काय तरणीताठी असेल?”

“मग तर काहीच उरणार नाही,” मामा हळूच म्हणाला. कोपऱ्यात चहा पिणाऱ्या आजोबांनीही कप खाली ठेवला.

“मग आधी तिला पळवायला नको,” भिंगरी म्हणाली. “आधी तिच्या पाठीवरचं ओझं उतरवून घेऊया. सगळ्यात महत्त्वाचं आधी.”

आईने मामाकडे बघितलं. मामाने नवी डिस्क पेटीत न घालता वायरने सरळ कॉम्प्युटरला जोडली. “सांग भिंगरे, कुणाचे कान आधी?”

“हरव्यांचे!” ती म्हणाली. कारण मोल्ड हरवणारी माणसं ठरलेली असतात. एक माळीकाका होते, त्यांचा मोल्ड दर हंगामात कुठल्या ना कुठल्या वाफ्यात पेरला जायचा. एक पोहायला शिकवणाऱ्या बाई होत्या. जोडीला एक अगदी छोटी मुलगी होती, ती आपला मोल्ड कुत्र्याला चावायला द्यायची. आधी हे कान उतरवले. मग बाकीचे.

पडद्यावरची पट्टी पुढे सरकू लागली. आजोबांना घरी जायचं सुचेना. सामन्याची शेवटची मिनिटं असल्यासारखे ते पुढे वाकून बसले होते. पट्टी अर्ध्यावर आली, पाऊणवर आली आणि एके ठिकाणी अडकली. पेटीतून कट्‌ कट्‌ असा आवाज आला. मामाने केसांत बोटं खुपसली.

“ती फाईल सोड,” आई म्हणाली. “पुढे चल. मागे वळून बघायची ही वेळ नाही.”

मामाने सोडली. पट्टी हलली. पुढे आणखी काही ठिकाणी ती अडली, तिथेही सोडून दिलं. उन्हं उतरायच्या सुमारास पट्टी टोकाला लागली आणि आजोबांनी न राहवून खणखणीत शिट्टी फुंकली. मामा खुर्चीवरून पडता पडता वाचला.

हिशेब बघितला तेव्हा मूठभर कान वाचता आले नव्हते. भिंगरी धावत जाऊन मावशीकडची जुनी डिस्क घेऊन आली. तिला लोकरीचा एक लाल धागा चिकटून आला होता. सुटलेले जवळजवळ सगळे कान त्या जुन्या डिस्कवर जसेच्या तसे होते. सापडला नाही तो फक्त एक. मामाने गेल्या महिन्यात हौसेने घेतलेला स्वतःचा कान.

“असू दे,” मामा म्हणाला. “माझं काही अडत नाही.”

“वा! घरच्याच माणसाची फाईल नाही म्हणजे काय?” आईने लगद्याचं भांडं काढलं. मामाला कानात गुदगुल्या सोसत नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. तो बाकड्यावर असा काही वळवळला की आजोबांना त्याचं डोकं धरून ठेवावं लागलं. “हलू नकोस, पिवळं कार्ड दाखवीन!” ते म्हणत होते, आणि भिंगरी हसून हसून जमिनीवर लोळत होती.

दुसऱ्या दिवशी आजोबा कानाची उरलेली तपासणी करायला आले, तेव्हा घरात वाद रंगला होता.

“टाकून देतो ती पेटी भंगारात,” मामा म्हणत होता. कालच्या धसक्याने तो पार दुसऱ्या टोकाला गेला होता.

“का? तिने काय वाईट केलं?” आई म्हणाली. “एक डिस्क मेली आणि आपलं काम एक दिवसही थांबलं नाही. तू म्हणाला होतास तेच तिने केलं. आपण तिच्याकडून भलतंच मागत होतो.”

“म्हणजे घ्यावी की न घ्यावी अशी पेटी?” भिंगरीने विचारलं.

“ज्याचं काम घटकाभरही थांबून चालत नाही, त्याने घ्यावी. आपलं एक संध्याकाळ थांबलं तर काय बिघडतं? माळीकाका उद्या येतील. आपल्याला पेटी असली तर सोय, नसली तरी चालेल.”

“मी सांगतो,” आजोबा म्हणाले. “तुमची पेटी म्हणजे एकाच जाळ्यापुढे उभे केलेले दोन गोलकीपर. एकाला लागलं तर दुसरा आहे, सामना थांबत नाही. पण मैदानात पाणी शिरलं तर दोघेही भिजणार ना?”

मामाला हे ऐकून पुन्हा हुरूप आला. “पाणी कुठून शिरतंय इथे? मी काय म्हणतो, या वेळी दोन डिस्क दोन वेगळ्या दुकानांतून आणतो. मेल आपल्या रोजच्या पत्त्यावर येईल. आता तर काही धोकाच नाही! कॉपी-बिपी कशाला मग?”

आई नको म्हणणार होती. पण तिच्यापुढे दिवसभराचं काम होतं, मामाचं बोलणं सरळ वाटत होतं, आणि पुन्हा दर आठवड्याची पायपीट तिच्या डोळ्यांपुढे आली. मागच्या वेळीही नेमकं असंच झालं होतं. भिंगरीने ते पाहिलं.

मामाने म्हटल्याप्रमाणे दोन डिस्क आणल्या, पेटीत घातल्या, आणि काल वेगळ्या डिस्कवर वाचवलेले सगळे कान पेटीत भरले. दोन्ही दिवे हिरवे झाले. तो खुशीत शीळ घालत बाजूला झाला, तशी भिंगरी त्याच्या खुर्चीत चढून बसली. पडद्यावर सगळ्यांच्या कानांच्या फायली होत्या. तिने स्वतःचं नाव शोधलं, तिची दोन्ही बेटं एकदा गोल फिरवून बघितली आणि फाईल पुसून टाकली. मग कचऱ्याची टोपलीही रिकामी केली.

“अगं ए! काय केलंस?” मामा ओरडला.

“माझा कान पुसला. दुसरी जुळी आहे ना? काढ तिच्यातून.”

मामा खुर्चीकडे धावला. त्याने एक खिडकी उघडली, दुसरी उघडली, मग पहिली पुन्हा उघडली. हिरवे दिवे शांतपणे लुकलुकत होते. दोन्ही डिस्क निरोगी होत्या, आणि दोन्हींवर भिंगरीचा कान नव्हता. ज्या क्षणी एकीवरून गेला, त्याच क्षणी दुसरीवरूनही गेला होता.

मामा मान खाली घालून डोकं खाजवत बसला. आजोबा मिशीत हसले. त्यांना हेडफोनशिवाय सगळं कळलं होतं. आई पुढे आली, पण भिंगरीने तिला हाताने थांबवलं. तिने टेबलावरची कालची वेगळी डिस्क घेतली, वायर जोडली, आपला कान शोधला आणि परत पेटीत आणून ठेवला. मग डिस्क काढली, मऊ फडक्यात गुंडाळली, दप्तरात घातली आणि बूट चढवून तडक बाहेर पडली.

मावशी दारातच लोकर उलगडत बसली होती. “आली का गं परत तुझ्या आईची डिस्क? दे, ठेवते कपाटात.”

“थांब,” भिंगरी म्हणाली. “आधी तुझा कॉम्प्युटर लाव. ही इथे उघडते का, ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय.”

आणि मावशीच्या खुर्चीत बसून तिने डिस्क जोडली, माळीकाकांचा कान उघडला, आणि त्यांचं बेट सगळ्या बाजूंनी फिरवून नीट बघितलं. मग दुसरं उघडलं. मग तिसरं.